पाळी चुकली म्हणजे दिवस गेले का? सुरुवातीची लक्षणे, जननक्षम दिवस आणि टेस्टची योग्य वेळ

चऱ्होली, मोशी किंवा भोसरीतल्या कोणत्याही मेडिकल दुकानात प्रेग्नन्सी टेस्टचे किट सहज मिळते आणि पाच मिनिटांत निकाल सांगते. पण तो निकाल बरोबर येण्यासाठी एक अट असते, ती म्हणजे टेस्ट योग्य दिवशी झालेली असावी. मूल होण्याची वाट पाहणाऱ्या जोडप्यांची बहुतेक घालमेल त्या दिवसाच्या आधी होते. छाती दुखते आहे, मळमळते आहे, थकवा जाणवतो आहे, मग 'राहिलंय' का? मोबाईलवर शोधले की प्रत्येक दुखण्यामागे गरोदरपण दिसू लागते. चार दिवसांनी पाळी आली की निराशा होते आणि घरात 'दोष कोणाचा' ही चर्चा सुरू होते.

शरीराच्या खुणांपेक्षा तारखांचा हिशेब जास्त भरवशाचा असतो. हा हिशेब कसा करायचा, लक्षणांवर किती विसंबायचे आणि डॉक्टरांकडे केव्हा जायचे, याची माहिती येथे दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- पाळी चुकण्याआधी जाणवणारी लक्षणे गरोदरपणाची की येणाऱ्या पाळीची, हे नुसत्या लक्षणांवरून ओळखता येत नाही.
- एका पाळीचक्रात गर्भ राहू शकेल असे दिवस साधारण सहाच असतात.
- लघवीची टेस्ट पाळीची तारीख उलटल्यावर करावी. निकाल 'नाही' आला आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी.
- फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहण्याच्या किमान एक महिना आधीपासून सुरू करावी.
- मूल राहायला वेळ लागत असेल तर तपासणी दोघांचीही व्हावी.

गर्भ नेमका कधी राहतो?

पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव सुरू झाल्याचा दिवस. पाळीचक्र तिथून मोजायचे. पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी बीजकोशातून स्त्रीबीज बाहेर पडते. ते १२ ते २४ तासच टिकते. पुरुषाचे शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून स्त्रीबीज बाहेर पडण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस जननक्षम ठरतात. त्यातले शेवटचे दोन-तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे.

स्त्रीबीज आणि शुक्रजंतू एकत्र आले म्हणजे लगेच गरोदरपण सुरू झाले असे नाही. तयार झालेला गर्भ नलिकेतून सरकत गर्भाशयात येतो आणि अस्तरात रुजतो. याला साधारण ६ ते १२ दिवस लागतात. बहुतेक स्त्रियांमध्ये हे आठव्या ते दहाव्या दिवशी घडते. रुजल्यानंतरच शरीरात एचसीजी हे संप्रेरक तयार होते, आणि टेस्टची पट्टी तेच शोधते. त्यामुळे संबंधानंतर दोन-तीन दिवसांत येणारी मळमळ गरोदरपणाची असू शकत नाही. तोवर शरीराला गर्भाची खबरच लागलेली नसते.

उदाहरणार्थ, पाळी १ ऑगस्टला आली आणि चक्र २८ दिवसांचे आहे, असे धरू.

- स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस: १५ ऑगस्टच्या आसपास
- जननक्षम दिवस: १० ते १५ ऑगस्ट
- गर्भ रुजण्याची शक्यता सर्वाधिक: २३ ते २५ ऑगस्ट
- पुढच्या पाळीची तारीख: २९ ऑगस्ट
- पहिली टेस्ट: २९ ऑगस्ट किंवा त्यानंतर
- गरज पडल्यास दुसरी टेस्ट: ५ सप्टेंबर
- गर्भ राहिल्यास बाळंतपणाची अंदाजे तारीख: ८ मे

शेवटची तारीख काढण्याची रीत सोपी आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. दवाखान्यात 'दोन महिने झाले' असे म्हणतात ते याच तारखेपासून मोजून. त्यामुळे पाळी चुकल्याच्या दिवशीच गरोदरपण चार आठवड्यांचे धरले जाते, आणि त्यात काही चूक नसते.

'चौदावा दिवस' सगळ्यांचा नसतो

'चौदाव्या दिवशी संबंध आला की मूल राहते' हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. तो फक्त २८ दिवसांच्या चक्राला लागू होतो. मोजणी पुढच्या पाळीपासून मागे करायची असते. चक्र ३५ दिवसांचे असेल तर १ ऑगस्टच्या पाळीनंतर स्त्रीबीज २२ ऑगस्टच्या सुमारास बाहेर पडेल, म्हणजे चौदाव्या दिवसावर भरवसा ठेवणारे जोडपे आठवडाभर आधीच थांबलेले असेल. चक्र २४ दिवसांचे असेल तर तो दिवस ११ ऑगस्टलाच येऊन जाईल.

म्हणून आधी किमान तीन-चार महिन्यांच्या तारखा लिहून ठेवाव्यात. मोबाईल ॲप चालते, तसेच भिंतीवरचे कालनिर्णयही चालते. दूध आणि गॅसच्या नोंदींशेजारी एक बारीक खूण पुरेशी असते. तारीख आठवत नसेल तर सणावरून काढता येते. 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी' किंवा 'एकादशीला अडचण आली' एवढे आठवले तरी कॅलेंडरवर दिनांक सापडतो. ॲपने दाखवलेले दिवस मागच्या तारखांवरून काढलेला अंदाज असतो. पाळी अनियमित असेल तर तो अंदाजही डळमळीत असतो.

शिफ्ट ड्युटी असेल तर जननक्षम दिवस कसे ओळखावेत?

चऱ्होलीच्या आसपास भोसरी आणि चाकणच्या एमआयडीसी आहेत. अनेक घरांत एकाची फर्स्ट शिफ्ट तर दुसऱ्याची नाइट असते. आठवडा-आठवडा वेळच जुळत नाही, आणि नेमके तेच सहा दिवस निघून जातात. दिवस ओळखण्याच्या तीन पद्धती आहेत, पण शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना त्या सारख्याच उपयोगी पडत नाहीत.

*शरीराचे तापमान:* स्त्रीबीज बाहेर पडल्यावर तापमान साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते. पण त्यासाठी रोज एकाच वेळी, सलग झोपेनंतर, अंथरुणातून उठण्याआधी मोजावे लागते. झोपेची वेळ दर आठवड्याला बदलत असेल तर ही नोंद फसवी ठरते. शिवाय तापमान वाढलेले दिसते तेव्हा जननक्षम दिवस संपत आलेले असतात.

*योनीतील स्राव:* जननक्षम दिवसांत स्राव पातळ, निसरडा आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. नंतर तो घट्ट आणि चिकट होतो. झोपेच्या वेळेचा यावर परिणाम होत नाही. शिफ्टवाल्यांना ही पद्धत सोयीची असून तिला खर्चही येत नाही. मात्र स्रावाला दुर्गंधी असेल, खाज येत असेल किंवा रंग हिरवट-पिवळसर असेल तर तो संसर्ग असू शकतो.

*ओव्ह्युलेशन किट:* लघवीतील एलएच हे संप्रेरक वाढले की किटवर खूण उमटते. त्यानंतर साधारण एक ते दीड दिवसात स्त्रीबीज बाहेर पडते. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये हे संप्रेरक एरवीही वाढलेले असू शकते, त्यामुळे किट चुकीची खूण देऊ शकते.

यातले काहीच जमत नसेल तर पाळी थांबल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे पुरेसे असते. तारखेचा धसका घेऊन फक्त एका दिवसावर सगळा भार टाकण्याची गरज नसते.

सुरुवातीची लक्षणे किती भरवशाची?

स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते. गर्भ राहिला तरी वाढते, न राहिला तरी वाढते. छाती जड होणे, पोट फुगणे, थकवा, चिडचिड, ओटीपोटात बारीक कळ ही लक्षणे त्यातूनच येतात. म्हणून पाळीआधीच्या आठवड्यात गरोदर आणि गरोदर नसलेल्या स्त्रीची लक्षणे जवळपास सारखी असतात.

फरक दिसू लागतो तो पाळीची तारीख उलटल्यावर.

- पाळी चुकणे: चक्र नियमित असेल तर ही सर्वांत बोलकी खूण.
- मळमळ, कोरडे ओकारे: बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून, म्हणजे पाळी चुकल्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी. फक्त सकाळीच होते असे नाही. काहींना अजिबात होत नाही, आणि त्यात काळजीचे काही नसते.
- वास सहन न होणे: फोडणी, तळणाचे तेल किंवा नेहमीचा चहाही नकोसा वाटू शकतो.
- स्तनांमध्ये बदल: दुखरेपणा, बोंडांभोवतीचा भाग गडद होणे.
- वारंवार लघवी लागणे: जळजळ होत असेल तर मात्र संसर्गाची तपासणी करावी.
- हलका डाग: गर्भ रुजताना काहींना गुलाबी किंवा तपकिरी डाग पडतो. तो बहुतेकींना पडत नाही, त्यामुळे त्याची वाट पाहू नये.

लक्षणे नाहीत म्हणून गर्भ नाही, असे ठरत नाही. लक्षणे अचानक कमी झाली म्हणजे काही बिघडले, असेही लगेच समजू नये.

टेस्ट कधी आणि कशी करावी?

एचसीजी सुरुवातीच्या आठवड्यांत दर दोन-तीन दिवसांनी साधारण दुप्पट होते. तारखेच्या चार दिवस आधी केलेली टेस्ट 'नाही' सांगते आणि आठवड्याने तीच 'हो' सांगते, याचे कारण हेच.

सकाळची पहिली लघवी वापरावी, कारण ती जास्त दाट असते. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी 'सकाळ' म्हणजे मुख्य झोपेतून उठल्यानंतरची पहिली लघवी. आधी भरपूर पाणी पिऊ नये. पाकिटावरची मुदत पाहावी आणि सांगितले आहेत तेवढेच थेंब टाकावेत. निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचावा.

- 'सी' आणि 'टी' दोन्ही रेषा आल्या, तर गर्भ राहिला आहे. 'टी' रेषा फिकट पण रंगीत असेल तरी निकाल 'हो' असाच धरतात. दोन दिवसांनी पुन्हा तपासावे.
- फक्त 'सी' रेषा आली, तर टेस्टनुसार गर्भ नाही.
- 'सी' रेषाच आली नाही, तर किट खराब आहे. दुसरे वापरावे.
- अर्ध्या तासाने दिसलेली राखाडी रेषा धरू नये. ती पट्टी वाळल्याची खूण असू शकते.

उपचारात एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल तर काही दिवस खोटा 'हो' येऊ शकतो. तेव्हा टेस्टची तारीख डॉक्टरांनीच ठरवावी.

कधी टेस्ट 'हो' येते आणि आठवडाभरात पाळीसारखा रक्तस्राव होतो. हा अगदी सुरुवातीचा गर्भपात असतो आणि तो बराच सर्रास घडतो. बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे असे होते. जिना चढल्यामुळे, बसने प्रवास केल्यामुळे किंवा काही 'उष्ण' खाल्ल्यामुळे नाही. त्यासाठी सुनेला बोल लावण्याला वैद्यकीय आधार नाही.

पाळी चुकण्याची दुसरी कारणे

पीसीओएस, थायरॉईडचा त्रास, वजनात मोठा बदल, आजारपण, मानसिक ताण, बाळाला अंगावर पाजणे आणि काही औषधे यांमुळेही पाळी लांबते. शिफ्ट सतत बदलत असेल तरी काहींची पाळी मागेपुढे होते.

आळंदीच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी आणखी एक कारण नेहमीचे आहे. वारी, घरची पूजा, गणपती किंवा लग्नकार्य आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या जातात. या गोळ्यांनी पाळीची तारीख बदलते आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो. लक्षणेही गरोदरपणासारखी वाटू शकतात. मुलासाठी प्रयत्न सुरू असतील तर या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, आधी डॉक्टरांना विचारावे. गोळ्या बंद केल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते. आली नाही तर टेस्ट करावी.

या खुणा दिसल्या तर थांबू नये

गर्भ कधी कधी गर्भाशयाऐवजी नलिकेत रुजतो. शंभर गरोदरपणांत एक-दोनदा असे होते. लघवीची टेस्ट तेव्हाही 'हो' येते. नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो. त्यामुळे टेस्ट 'हो' आल्यावर किंवा पाळी चुकलेली असताना पुढीलपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

- ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, तीव्र दुखणे
- खांद्याच्या टोकाला दुखणे
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, घाम फुटणे
- जास्त रक्तस्राव किंवा रक्ताच्या गाठी
- पाणीही पोटात न टिकणे, लघवी कमी होणे
- ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव

गर्भपाताच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेणे याच कारणाने धोक्याचे आहे. नलिकेतला गर्भ त्यांनी पडत नाही, आणि योग्य उपचाराला उशीर होतो.

प्रयत्न सुरू करण्याआधी काय करावे?

बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून तयार होतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. तोपर्यंत पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. टेस्ट केल्यावर गोळी सुरू करायची म्हटले तर निम्मा वेळ हातातून गेलेला असतो. म्हणून फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, प्रयत्न सुरू करण्याच्या किमान एक महिना आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यावे. मधुमेह किंवा फिट्सचे औषध सुरू असेल, किंवा आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष असेल, तर जास्त मात्रा लागू शकते. ती डॉक्टरांनी ठरवावी.

हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड आणि रक्तदाब तपासून घ्यावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. मिशरी, तंबाखू आणि दारू बंद करावी. मिशरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. 'दात घासायला' वापरली तरी निकोटिन शरीरात जातेच.

तपासणी फक्त बाईचीच का?

मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, एकट्याने किंवा स्त्रीकडील कारणासोबत. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि कमी खर्चाची तपासणी आहे. तरीही ती अनेकदा शेवटी होते. तोवर बायकोच्या सोनोग्राफी, रक्ततपासण्या आणि नवस करून झालेले असतात.

औद्योगिक पट्ट्यात पुरुषाच्या कामाचाही विचार व्हायला हवा. वृषण शरीराच्या तापमानापेक्षा दोन-चार अंश थंड राहिले तरच शुक्रजंतू नीट तयार होतात. भट्टी, फाउंड्री किंवा फोर्जिंगच्या उष्णतेत रोज अनेक तास उभे राहणे, तसेच शिशाच्या संपर्कात येणे यांमुळे त्यांची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते. तंबाखू, सिगारेट आणि दारूचाही परिणाम होतो. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉईडची इंजेक्शने तर शुक्रजंतूंची निर्मिती जवळपास बंद पाडू शकतात.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. सवय आज बदलली तरी तिचा फायदा रिपोर्टमध्ये दिसायला तीन महिने द्यावे लागतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सर्व काही ठीक असलेल्या तरुण जोडप्यालाही एका चक्रात गर्भ राहण्याची शक्यता साधारण चारात एक ते पाचात एक असते. वर्षभरात शंभरपैकी ८० ते ८५ जोडप्यांना यश येते. दोन-तीन महिने पाळी आली म्हणजे दोष आहे असे नाही.

- स्त्रीचे वय ३५ पेक्षा कमी: एक वर्ष नियमित प्रयत्नांनंतर
- वय ३५ किंवा जास्त: सहा महिन्यांनंतर
- पाळी फार अनियमित, आधी क्षयरोग झालेला, पोटाची किंवा नलिकेची शस्त्रक्रिया, वारंवार गर्भपात, पुरुषाला वृषणाचा आजार किंवा शस्त्रक्रिया: लगेच

क्षयरोगाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. जननेंद्रियांच्या क्षयाने नलिका बंद होतात आणि बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही.

उपचार म्हणजे थेट टेस्ट ट्यूब बेबी असे नसते. अनेकांना गोळ्या, वजन कमी करणे किंवा थायरॉईडचा उपचार पुरतो. पुढच्या उपचारांची सोय राज्यात जुनी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या उपचारांतून आयव्हीएफ बाळ जन्मले. २०२१ च्या कायद्यानुसार अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा नोंदणी क्रमांक विचारून घ्यावा. मुलगा की मुलगी हे तपासणे किंवा निवडणे हा गुन्हा आहे.

चऱ्होली परिसरात कुठे जावे?

चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत येते. तिथल्या रहिवाशांना महापालिकेचे जवळचे दवाखाने, भोसरीचे महापालिका रुग्णालय आणि पिंपरीतील संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय उपलब्ध आहे. इंद्रायणीपलीकडचे चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात आहे. तिथल्यांसाठी आळंदी आणि चाकणची ग्रामीण रुग्णालये आहेत. ईएसआयचे कार्ड असलेले कामगार आणि त्यांच्या पत्नींना ईएसआयच्या दवाखान्यांतही उपचार मिळतात.

आशाताईंकडे लघवीच्या टेस्टचे 'निश्चय' किट मोफत मिळते. टेस्ट 'हो' आल्यावर बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करून माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र महिलांना पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये. कार्ड असो, योजनेचा अर्ज असो की सोनोग्राफी, सगळीकडे शेवटच्या पाळीची तारीख विचारतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पपई खाल्ली तर गर्भ पडतो का?* पूर्ण पिकलेली पपई बेताने खाल्ल्याने गर्भपात होत नाही. कच्च्या पपईतल्या चिकामुळे ती टाळायला सांगतात.

*संबंधानंतर पाय वर करून पडून राहावे का?* त्याने शक्यता वाढत असल्याचा पुरावा नाही. शुक्रजंतू काही मिनिटांतच पुढे सरकलेले असतात.

*टेस्ट 'हो' आली, कंपनीत लगेच सांगावे का?* घरच्यांना आणि बाकीच्यांना कधी सांगायचे हा जोडप्याचा प्रश्न आहे. पण काम शिसे, रासायनिक द्रावके किंवा एक्स-रेशी संबंधित असेल तर सुपरवायझरला किंवा कंपनीच्या डॉक्टरांना लगेच सांगून काम बदलून घ्यावे.

*सोनोग्राफी कधी करावी?* त्रास नसेल तर पाळी चुकल्याच्या दिवशी घाई करू नये. तेव्हा गर्भ दिसत नाही आणि उगाच काळजी वाढते. साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान गर्भ गर्भाशयातच आहे ना आणि ठोके आहेत का, हे दिसते. पोटात दुखत असेल किंवा रक्तस्राव होत असेल तर मात्र लगेच करावी.